लिम्फोमा: सांगली-मिरजेच्या ओपीडीत पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न

जतहून किंवा आटपाडीहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस ओपीडीत आत येतो तेव्हा त्याच्या मनात दहा प्रश्न असतात. विचारून होतात दोन. उरलेले दाराबाहेर गेल्यावर आठवतात आणि मग ते कंपाउंडरला, रिक्षावाल्याला, शेजारच्या बाकावरच्या पेशंटला विचारले जातात. गेली काही वर्षं मी हे प्रश्न वहीत टिपून ठेवत आलो. त्यांची उत्तरं इथे सावकाश लिहिली आहेत. तुमच्या फाइलवर तुमच्या डॉक्टरांनी लिहिलेलं वेगळं असेल, तर त्यांचंच ऐका. तुम्हाला त्यांनी तपासलेलं आहे, मी नाही.

लिम्फोमा म्हणजे ब्लड कॅन्सरच ना?

चुलत भाऊ म्हणा. पायाला काटा लागून पिकलं की जांघेत अवधाण येतं, हे आपल्याकडे आजीलाही ठाऊक असतं. ते अवधाण म्हणजे लसीका ग्रंथी, शरीराच्या बंदोबस्तातली एक चौकी. अशा शेकडो चौक्या मानेत, काखेत, छातीत, पोटात असतात आणि तिथे लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशींचा पहारा असतो. जंतू आला की या पेशी वाढतात, काम झालं की ग्रंथी ओसरते. लिम्फोमात पहारेकरीच बिघडतो. कारण नसताना पेशी वाढत राहतात आणि ग्रंथी ओसरत नाही. लोक ज्याला ब्लड कॅन्सर म्हणतात त्या ल्युकेमियाची सुरुवात हाडांतल्या मज्जेत होते, लिम्फोमाची बहुधा गाठीत.

थॉमस हॉजकिन या इंग्रज डॉक्टरांनी १८३२ साली अशा काही रुग्णांचं वर्णन केलं. त्यावरून एका घराण्याला हॉजकिन लिम्फोमा म्हणतात आणि बाकी सगळ्यांना नॉन-हॉजकिन. या ‘बाकी सगळ्यां’मध्ये साठच्या वर प्रकार आहेत. म्हणून ‘शेजारच्या गल्लीतल्या एकाला लिम्फोमा होता, तो तर गोळ्यांवर बरा झाला’ या माहितीचा तुम्हाला उपयोग नाही. त्याचा आजार आणि तुमचा आजार यांचं आडनाव तेवढं सारखं.

गाठ तर दुखत नाही. मग घाबरायचं कशाला?

दुखत नाही म्हणूनच दाखवायची. दात किडल्यामुळे किंवा घसा बसल्यामुळे आलेली गाठ साधारणपणे दुखते, लालसर होते आणि दोनतीन आठवड्यांत बसते. लिम्फोमाची गाठ बहुतेक वेळा दुखत नाही. हाताला रबरासारखी लागते आणि हळूहळू वाढत जाते. शर्टाचं वरचं बटण लागेना झालं म्हणून आलेले लोक मी पाहिले आहेत. गाठ तीनचार आठवड्यांत बसली नाही किंवा गळपट्टीच्या हाडाच्या वर असेल, तर ती तपासलीच पाहिजे.

गाठ दरवेळी हाताला लागतेच असं नाही. छातीत असेल तर कोरडा खोकला, धाप, सकाळी उठल्यावर चेहऱ्याला सूज. पोटात असेल तर दोन घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, डाव्या बरगडीखाली जड लागतं. टॉन्सिल, जठर, आतडं, त्वचा, अंडकोष, अगदी मेंदूतही हा आजार सुरू होऊ शकतो. हॉजकिनच्या काही रुग्णांना महिनोन्महिने अंगाला खाज सुटते आणि त्वचेची मलमं लावण्यात वर्ष जातं.

ताप, घाम, वजन हे तीनच प्रश्न डॉक्टर सारखे का विचारतात?

कारण त्यांवरून आजाराचा जोर कळतो. कारण न सापडणारा ३८ अंश सेल्सिअसच्या वरचा ताप, रात्री अंथरूण भिजवणारा घाम आणि सहा महिन्यांत दहा टक्क्यांहून जास्त वजन घटणं, या तिघांना ‘बी लक्षणं’ म्हणतात. साठ किलोचा माणूस सहा महिन्यांत चोपन्नच्या खाली आला तर ते धरायचं. घाम म्हणजे मे महिन्यात पंखा बंद पडल्यावर येतो तो नव्हे, डिसेंबरच्या थंडीत बनियन बदलायला लावणारा. ही लक्षणं असलेले रुग्ण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतात. ते उशिरा पोहोचतात, हे त्याचं एक सरळ कारण आहे.

गावच्या डॉक्टरांनी टीबी म्हणून औषधं दिली होती. त्यांची चूक झाली का?

हा प्रश्न बहुतेक वेळा रागाने विचारला जातो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मानेत गाठ, संध्याकाळी ताप, रात्री घाम, वजन उतरलेलं. हे वर्णन टीबीचं आहे आणि लिम्फोमाचंही. आपल्या देशात टीबी इतका आहे की असा रुग्ण समोर आला की आधी गंडमाळ डोळ्यांसमोर येणं स्वाभाविक आहे, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघतं. चूक पहिल्या अंदाजात नसते. गाठीचा तुकडा काढून (म्हणजे बायोप्सी करून) न तपासता फक्त अंदाजावर औषधं सुरू होतात आणि गाठ वाढत असतानाही ‘कोर्स पूर्ण करू, मग बघू’ म्हणून सहा महिने जातात, तिथे ती होते.

त्यात आणखी दोन गुंते आहेत. हॉजकिनच्या गाठीत टीबीसारखे दिसणारे पेशींचे पुंजके, म्हणजे ग्रॅन्युलोमा, सापडू शकतात. सुईतून नेमका तेवढाच भाग आला तर रिपोर्टही टीबीकडे झुकतो. शिवाय टीबी आणि लिम्फोमा एकाच माणसाला एकाच वेळी असू शकतात. टीबीच्या औषधांवर खऱ्या टीबीची गाठसुद्धा सुरुवातीला थोडी फुगू शकते, हेही खरं. म्हणून मी एवढंच सांगतो: औषध सुरू करण्यापूर्वी गाठीतून टीबीचा पुरावा मिळवायचा प्रयत्न झाला पाहिजे. दीडदोन महिन्यांत गाठ कमी व्हायला लागली नाही, किंवा नवीन गाठी आल्या, तर थांबू नका. गाठ काढून तपासा.

याहून मोठी पंचाईत स्टिरॉइडची. ‘ताकदीची’ म्हणून दिलेल्या गोळीत किंवा इंजेक्शनात स्टिरॉइड असलं की लिम्फोमाची गाठ चार दिवसांत वितळते, भूक लागते, ताप जातो आणि घरात आनंदीआनंद होतो. महिन्याभरात गाठ परत येते. मधल्या काळात तुकडा काढला तर त्यात मेलेल्या पेशींपलीकडे काही सापडत नाही. तपासणीआधी अशी औषधं घेतली असतील तर लपवू नका, रिकामी पाकिटंही घेऊन या.

सुईची तपासणी झाली. आता परत तुकडा कशाला?

सुईतून सुट्या पेशी येतात. भिंतीच्या चार विटा पाहून वाडा कसा होता ते सांगता येत नाही, तसं हे आहे. लिम्फोमाचा प्रकार ठरवायला पेशींची मांडणी पाहावी लागते. त्यासाठी शक्यतो अख्खी गाठ काढायची. ती खोलवर असेल तर जाड सुईने दोरीसारखे तुकडे घेतात. जांघेतली गाठ सोपी असली तरी टाळलेली बरी, कारण तिथल्या गाठी पायाच्या जखमांमुळे आधीच सुजलेल्या असतात. मानेतली मिळत असेल तर ती घ्यावी.

नातेवाइकांसाठी एक काम. गाठ काढल्यावर ती फॉर्मॅलिनच्या बाटलीत लॅबला जाते. टीबीची तपासणीही करायची असेल तर थोडा भाग फॉर्मॅलिनऐवजी साध्या सलाईनमध्ये वेगळा द्यावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमध्ये टीबीचा जंतू मरतो आणि मग तो वाढवून पाहता येत नाही. ऑपरेशनच्या आधी सर्जनला आठवण करून द्या. कुणाला राग येत नाही.

गाठीला सुई-चाकू लावला की पसरते म्हणतात.

लिम्फोमात नाही. हा आजार मुळातच अंगभर फिरणाऱ्या पेशींचा आहे, एका जागच्या चिरेने तो पसरत नाही. या एका समजुतीपायी जेवढे महिने वाया गेले आहेत, तेवढे कशानेच गेले नसतील.

रिपोर्टला दोन आठवडे का लागतात? सीडी २०, सीडी ३० हे काय?

पेशीच्या अंगावर खुणा असतात, शाळेच्या बिल्ल्यांसारख्या. रंग लावून त्या ओळखायच्या तपासणीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, बोलताना आयएचसी. सीडी २० दिसलं तर पेशी बी जातीची, सीडी ३ असेल तर टी जातीची, सीडी ३० आणि १५ हॉजकिनकडे बोट दाखवतात. केआय ६७ हा वाढीचा वेग सांगतो. या खुणांवर पुढचं औषध ठरतं, म्हणून घाई करून चालत नाही.

मेणात बसवलेला तुकडा, म्हणजे ब्लॉक, आणि काचेच्या स्लाइड या तुमच्या आहेत. दुसरं मत घ्यायचं असेल तर लॅबकडून त्या मागून घेता येतात. त्या जपा. उन्हात गाडीच्या डिकीत ठेवलेला मेणाचा ब्लॉक वितळून आलेला मी पाहिला आहे.

चौथी स्टेज आहे. म्हणजे संपलं?

नाही. या पानावरचं दुसरं काही लक्षात राहिलं नाही तरी हे राहू द्या.

स्टेज म्हणजे आजार कुठे कुठे आहे त्याचा नकाशा. एकाच भागातल्या गाठी म्हणजे पहिली. छातीखालच्या पडद्याच्या एकाच बाजूला दोन किंवा जास्त भाग म्हणजे दुसरी, पडद्याच्या दोन्ही बाजूंना तिसरी, आणि मज्जा, यकृत, फुप्फुस अशा अवयवांत पसरला की चौथी. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावी १९७१ साली ठरलेली ही पद्धत थोड्या सुधारणांनी आजही चालते. जठराच्या किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये चौथी स्टेज ऐकली की माणसाचे पाय गळतात, आणि ते साहजिक आहे. लिम्फोमाचं गणित निराळं आहे. औषध रक्तातून सगळीकडे पोहोचतं आणि पेशी त्याला दाद देतात, त्यामुळे चौथ्या स्टेजमध्येही उपचार पूर्ण बरं करण्याच्या इराद्याने केले जातात.

आकड्यांत सांगायचं तर लवकर सापडलेला हॉजकिन शंभरातल्या नव्वदच्या आसपास रुग्णांत बरा होतो, पुढच्या स्टेजमध्येही सत्तर ते ऐंशी. नॉन-हॉजकिनमधला सर्वांत जास्त दिसणारा प्रकार, डिफ्यूज लार्ज बी-सेल, आजच्या उपचारांनी शंभरात साठ-पासष्ट जणांत बरा होतो. हे पूर्ण उपचार घेतलेल्यांचे आकडे आहेत. डोस मध्येच सोडणाऱ्याला ते लागू नाहीत.

स्टेजबरोबर आणखी चार गोष्टी मोजतात: वय साठच्या वर आहे का, रक्तातलं एलडीएच नावाचं एन्झाइम वाढलंय का, रुग्ण स्वतःच्या पायांवर हिंडतो-फिरतो का, आणि ग्रंथींबाहेरच्या किती जागी आजार आहे. १९९३ पासून ही मोजणी जगभर वापरतात. त्यातली हिंडण्याफिरण्याची बाब मला सर्वांत बोलकी वाटते. चालत आलेला चौथ्या स्टेजचा रुग्ण आणि स्ट्रेचरवरून आलेला चौथ्या स्टेजचा रुग्ण, यांत बहुतेक वेळा फक्त वाया गेलेल्या तीन महिन्यांचं अंतर असतं.

आपल्याकडचा लिम्फोमा परदेशातल्यापेक्षा वेगळा असतो का?

थोडा. भारतात नॉन-हॉजकिनचे वर्षाला पस्तीस ते चाळीस हजार नवे रुग्ण धरले जातात. जगात हा आकडा साडेपाच लाखांच्या आसपास आहे. लोकसंख्येच्या मानाने आपला दर अमेरिका-युरोपपेक्षा बराच कमी आहे. पण आपला रुग्ण तरुण असतो, साधारण दहा वर्षांनी. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या २,७७३ नॉन-हॉजकिन रुग्णांचा एक मोठा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात डिफ्यूज लार्ज बी-सेल ३४ टक्के होता, आणि पाश्चात्त्य देशांत भरपूर दिसणारा संथ फॉलिक्युलर प्रकार त्या मानाने खूप कमी.

हॉजकिनचंही तसंच. श्रीमंत देशांत तो विशी-तिशीतल्यांचा आजार. विकसनशील देशांत तो लहान मुलांतही दिसतो, मुलग्यांत जास्त, आणि एपस्टाइन-बार या विषाणूशी त्याचं नातं अधिक घट्ट सापडतं. पाचवीतल्या पोराच्या मानेची गाठ ‘टॉन्सिलची असेल’ म्हणून वर्षभर सोडू नये, ती यासाठी.

तीस वर्षं द्राक्षबागेत फवारणी केली. त्यानंच झालं का?

तासगाव, कवठेमहांकाळ, पलूस भागातून येणारा प्रत्येक दुसरा बागायतदार हे विचारतो, आणि प्रश्न फालतू नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने २०१५ साली लिंडेन हे कीटकनाशक नॉन-हॉजकिन लिम्फोमाला कारणीभूत असल्याचं ठरवलं. भारतात त्याचा वापर आता बंद आहे. मॅलॅथिऑन, डायझिनॉन आणि तणनाशक ग्लायफोसेट यांना त्याच वर्षी ‘बहुधा कॅन्सरकारक’ या गटात टाकलं. ग्लायफोसेटवर वाद अजून चालू आहे.

तरीही तुमच्या एकट्याच्या बाबतीत ‘फवारणीनंच झालं’ असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. फवारणी करणाऱ्या बहुसंख्य लोकांना लिम्फोमा होत नाही, आणि आयुष्यात पंपाला हात न लावलेल्या शिक्षिकेला तो होतो. मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फवारणीनंतर जेवणाआधी आंघोळ, हे मात्र तुमच्या पोराला आजपासून करायला लावा. हा आजार आनुवंशिक आहे असं समजून तो घाबरत असेल, तर तेवढी भीती काढून टाका. संसर्गही होत नाही. एका ताटात जेवा.

एचआयव्हीची तपासणी का करायला लावली? आमच्या घरात तसं काही नाही.

सगळ्यांचीच करतात. ती चारित्र्याची परीक्षा नाही. एचआयव्ही असलेल्यांना लिम्फोमाचा धोका जास्त असतो. आपला जिल्हा एके काळी या आजाराच्या जास्त प्रमाणासाठी ओळखला जायचा, त्यामुळे आम्हाला त्याचा अनुभवही आहे. तपासणी पॉझिटिव्ह आली तर एआरटीची, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं, जी सरकारी केंद्रांत २००४ पासून मोफत मिळतात, आणि केमो दोन्ही बरोबर चालू शकतात. आणि असे रुग्णही बरे होतात.

तितकीच महत्त्वाची हिपॅटायटिस बीची तपासणी. रिटुक्सिमॅब हे लिम्फोमाचं औषध दिल्यावर यकृतात झोपलेला हा विषाणू जागा होऊन जिवावर बेतू शकतं. आधी कळलं तर रोजच्या एका गोळीने ते टळतं. दोनशे-चारशे रुपये वाचवायला ही तपासणी टाळू नका.

आर-चॉप, एबीव्हीडी ही काय नावं आहेत?

औषधांची आद्याक्षरं. चॉप १९७० च्या दशकातलं, चार औषधांचं, दर एकवीस दिवसांनी, बहुतेक वेळा सहा डोस. त्यातलं लाल औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. ते दिल्यावर एकदोन दिवस लघवी लालसर होते, रक्त नव्हे. त्याचा हृदयावर परिणाम होऊ शकतो म्हणून आधी टूडी इको. त्यात ‘आर’ म्हणजे रिटुक्सिमॅब जोडलं आणि चित्र बदललं. २००२ साली फ्रेंच डॉक्टरांनी साठ ते ऐंशी वयाच्या रुग्णांचा अभ्यास छापला. नुसत्या चॉपवर दोन वर्षांनी ५७ टक्के रुग्ण जिवंत होते, आर-चॉपवर ७०.

एबीव्हीडी हे हॉजकिनसाठी, इटलीत मिलानला तयार झालेलं, दर पंधरा दिवसांनी. त्यातल्या ब्लिओमायसिनने फुप्फुसाला त्रास होऊ शकतो. नवा कोरडा खोकला सुरू झाला तर पुढच्या डोसआधी सांगा. दोन सायकलनंतरचा, म्हणजे चार डोसांनंतरचा पेट स्कॅन (अंगात आजार कुठे उरलाय ते चमकवून दाखवणारी तपासणी) स्वच्छ असेल तर ते औषध वगळताही येतं.

स्वस्तातलं रिटुक्सिमॅब चालतं का? पुतण्या म्हणतो, परदेशीच घ्या.

चालतं. रिटुक्सिमॅब अमेरिकेत १९९७ साली मंजूर झालं आणि बरीच वर्षं आपल्याकडे ते फक्त पैसेवाल्यांचं औषध होतं. २००७ साली हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने भारतीय बनावटीचं काढलं, मग इतरांनीही काढलं आणि किंमत उतरली. आज भारतातले बहुतेक रुग्ण त्यावरच बरे होतात. परदेशी औषधाचे दोन डोस घेऊन पैसे संपवण्यापेक्षा भारतीय औषधाचे सहा डोस कधीही चांगले. पुतण्याला भेटायला पाठवा, मी समजावतो.

पैशाचं कसं करायचं?

आधी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. १ जुलै २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं आणि पिवळं, केशरी, पांढरं असं कुठलंही रेशन कार्ड चालतं. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचं टेबल असतं. डॉक्टरांना भेटण्याआधी तिथे जा. विचारायचे प्रश्न नेमके ठेवा: माझ्या आजाराची केमो पॅकेजमध्ये आहे का, रिटुक्सिमॅब त्यात येतं का, पेट स्कॅनचे पैसे वेगळे पडतील का. मंजुरीसाठी तुकड्याचा रिपोर्ट लागतो, म्हणून रिपोर्ट येण्याआधी भांडून उपयोग नाही.

विटा, खानापूर, आटपाडीच्या गलाईवाल्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायचा धंदा करणाऱ्या घरांसाठी खास सूचना. धंदा चेन्नईला किंवा कोलकात्याला आणि रेशन कार्ड कुणाच्या नावावर कुठे आहे हे कुणालाच माहीत नाही, अशी वेळ येते. आजारी माणसाचं नाव गावच्या कार्डावर आहे का, ते आज बघून घ्या.

रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थ्री टायर एसीचं तिकीट पूर्ण माफ आहे, सोबतच्या एकाला त्यात ७५ टक्के सवलत मिळते. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यात दाखला घ्यावा लागतो.

मिरजेतच करू की मुंबईला टाटाला जाऊ?

डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन हॉस्पिटल सुरू केलं तेव्हापासून लांबलांबचे रुग्ण इकडे येत आले आहेत. आज आर-चॉप आणि एबीव्हीडी मिरज-सांगली, कराड, सातारा, कोल्हापूर या पट्ट्यात नीट देता येतात, आणि औषध तेच असतं. मला विचाराल तर मुंबईला जायचं ते निदान पक्कं करायला, अवघड प्रकार असेल तेव्हा, किंवा आजार उलटला तर. ब्लॉक, स्लाइड घेऊन रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघा, टाटाचं मत घ्या, आणि डोस घराजवळ घ्या. दर एकवीस दिवसांनी मुंबई गाठायची म्हटलं की चौथ्या डोसला घरातला सोबत जाणारा माणूस थकतो. राहावं लागलंच तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कॅन्सरच्या रुग्णांसाठी वर्षानुवर्षं आसरा देत आली आहे.

दोन डोसांत गाठ गेली. आता उरलेले कशाला?

आपल्यासारख्या देशात लिम्फोमाचे निकाल जिथे घसरतात, ती जागा ही. औषध कमी पडत नाही, आपण घेणं कमी करतो.

एक सेंटिमीटरच्या गाठीतसुद्धा कोट्यवधी पेशी असतात. दोन डोसांनी हाताला लागणारी गाठ जाते, पेशी उरतात, आणि उरलेल्या असतात त्या जास्त चिवट. माणसं डोस कधी सोडतात, तेही मी पाहत आलोय: दिवाळीनंतर ऊसतोड सुरू झाली की, पोरीचं लग्न ठरलं की, गुऱ्हाळाचा हंगाम लागला की. एक टोळीवाला तीन डोस घेऊन कर्नाटकात उसाला गेला. फडात धाप लागली म्हणून मार्चमध्ये परत आला. पहिल्यांदा जी औषधं हमखास चालली असती, ती तेव्हा निम्मीच चालली. निघण्याआधी त्याने सांगितलं असतं तर तो जिथे जाणार होता तिथल्या रुग्णालयात डोसची सोय करता आली असती. न विचारता निघून जाणाऱ्यावर मी आता रागावत नाही, त्याचा फोन नंबर आणि शेजाऱ्याचाही नंबर पहिल्याच दिवशी लिहून घेतो.

केमोनंतर ताप आला. सकाळपर्यंत थांबू का?

थांबू नका. डोसनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी खाली गेलेल्या असतात. १००.४ फॅरनहाइट किंवा त्याच्या वर ताप, थंडी वाजणं, यापैकी काहीही झालं तर रात्री दोन वाजतासुद्धा निघा. आधी थर्मामीटर लावा, मग क्रोसिन. उलटं केलं तर ताप झाकला जातो. रुग्णालयात गेल्यावर पहिलं वाक्य ‘केमो चालू आहे’ हेच बोला, नाहीतर साधा ताप म्हणून बाकावर बसवतील.

हळद चालू ठेवू? आणि खायचं काय?

सांगलीत बसून हळदीविरुद्ध बोलणं म्हणजे मार्केट यार्डात जाऊन मार खाणं. भाजीत, दुधात घाला, काही बिघडत नाही. पण हळदीने लिम्फोमा बरा झाल्याचा पुरावा नाही. कुरकुमिनच्या गोळ्या, भस्मं, पुड्या केमोबरोबर नकोत. यकृत बिघडलं की केमो पुढे ढकलावी लागते. खाणं घरचं, ताजं, शिजवलेलं. अंडं पूर्ण उकडलेलं. केळं, मोसंबी, डाळिंब अशी साल काढून खायची फळं बरी. द्राक्षं खायचीच असतील तर फवारणीचा आणि मातीचा विचार करून नीट धुऊन, आणि पेशी कमी असताना नकोच. भडंग खा, घरी केलेलं. उघड्या गाड्यावरची पाणीपुरी सहा महिने राहू द्या. वारीलाही यंदा जाऊ नका, गर्दी आणि पाणी दोन्ही सोसणार नाही. पांडुरंग समजून घेईल, पंढरपूर तर तुमच्या बाजूलाच आहे.

मुलगा बावीस वर्षांचा आहे. पुढे लग्न, मुलंबाळं?

पहिल्या डोसच्या आधी विचारलंत, हे बरं झालं. एबीव्हीडीनंतर बहुतेकांना मुलं होतात, पण जास्त तीव्र औषधांनी वंध्यत्व येऊ शकतं. मुलग्याचं वीर्य आधी गोठवून ठेवता येतं, एकदोन दिवसांचं काम आहे. मुलींसाठीही उपाय आहेत, त्यांना वेळ थोडा जास्त लागतो. आईवडील बाहेर असताना हा प्रश्न मुलालाच विचारायचा असतो, आणि तो हमखास मान खाली घालतो.

वडिलांना कॅन्सर आहे हे सांगू नका, डॉक्टर.

रोज एक तरी मुलगा दाराआड गाठून हे सांगतो. वडील बाहेर ‘ऑन्कॉलॉजी’ची पाटी वाचत बसलेले असतात. शेजारी केस गेलेले चार जण असतात. त्यांना कळलेलं असतं, त्यांना फक्त तुमच्याशी बोलता येत नसतं. मी आकडे फेकत नाही, पण विचारलं तर खोटंही बोलत नाही. सहा डोस सोसायचे आहेत ते त्यांना. कशासाठी सोसतोय हे माहीत असलेला माणूस डोस सोडत नाही.

डॉक्टर म्हणाले, आत्ता काही करायचं नाही, नुसतं बघू. हा काय प्रकार?

फॉलिक्युलरसारखे काही प्रकार गोगलगाईच्या चालीचे असतात. त्रास नसेल तर लवकर केमो देऊन आयुष्य वाढत नाही, हे अभ्यासांनी दाखवलं आहे. दर तीन महिन्यांनी या. घरच्यांना ही हलगर्जी वाटते, पण तसं नाही.

आजार उलटला तर?

मग वेगळी, जास्त जोराची औषधं, आणि तब्येत साथ देत असेल तर स्वतःच्याच मूळपेशी साठवून केलेलं प्रत्यारोपण. त्यातूनही बरेच जण बरे होतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या भारतीय कार-टी उपचाराला मंजुरी मिळाली. रुग्णाच्या स्वतःच्या टी पेशी काढून, त्यांना शिकवून परत सोडायच्या. परदेशापेक्षा तो कितीतरी स्वस्त आहे, तरी सामान्य घराला अजून आवाक्याबाहेर. पेपरातलं कात्रण घेऊन पहिल्याच भेटीत बरेच जण येतात. पहिल्या उपचाराला त्याची गरज नसते.

उपचार संपले. आता?

शेवटच्या केमोनंतर सहा ते आठ आठवड्यांनी पेट स्कॅन. लवकर केला तर औषधाची सूजच चमकते आणि विनाकारण घाबरगुंडी उडते. त्यानंतर पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी, पुढे सहा महिन्यांनी. प्रत्येक वेळी स्कॅन लागत नाही, हाताने तपासणं आणि रक्ताच्या साध्या तपासण्या पुरतात. डिफ्यूज लार्ज बी-सेलमध्ये दोन वर्षं आजार उलटला नाही, तर पुढचं आयुष्यमान त्याच वयाच्या इतर लोकांच्या जवळपास जातं. मानेला किरणोपचार झाले असतील तर वर्षातून एकदा थायरॉइड. छातीला झाले असतील तर तंबाखू, विडी कायमची बंद, आणि बाई असेल तर स्तनांची तपासणी इतरांपेक्षा लवकर सुरू करायची. येताना जुनी फाइल आणा, सगळी. व्हॉट्सॲपवरचा फोटो नको, त्यात केआय ६७ चा आकडा नेमका अंगठ्याखाली गेलेला असतो.